गिऱ्हाईक कोणते काम घेऊन आले आहे?

या महिन्यात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत वेबसाइटवरील मजकुराविषयीचे प्रश्न बरेच होते. त्यांपैकी पाच पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल आणि नॅपकिनचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेबसाइट तयार करून घेतली. ‘आमच्याविषयी’, ‘आमचे ध्येय’, ‘यंत्रसामग्री’, ‘उत्पादने’ आणि ‘संपर्क’ अशी पाने आहेत, फोटोही चांगले आहेत. तरीही वेबसाइट पाहून फोन करणारा माणूस सगळे पहिल्यापासून विचारतो. वेबसाइट करून देणारे म्हणतात की मजकूर कमी पडतो आहे, दर आठवड्याला एक लेख टाका. लेख कशावर लिहावेत?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : लेख लिहायला बसण्यापूर्वी दोन आठवडे फोनजवळ एक वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक चौकशीचे पहिले वाक्य बोलणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘टॉवेलची चौकशी’ अशी नोंद करू नका, कारण त्या नोंदीत जे कामाचे होते तेच गळून जाते. व्हॉट्सअॅपवर येणारे निरोपही तसेच्या तसे उतरवा. फोन घेणारे मुनीम किंवा ऑफिसमधील ताई यांना लोक काय विचारतात हे आधीपासून ठाऊक असते. वेबसाइट करताना त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.

तुमची पाच पाने तुमच्या कारखान्याच्या नजरेने मांडलेली आहेत: आम्ही कोण, आम्हाला काय व्हायचे आहे, आमच्याकडे काय आहे. गिऱ्हाईक मात्र तुमची ओळख करून घ्यायला आलेले नसते. ते स्वतःचे एक काम घेऊन आलेले असते आणि ते काम येथे होईल की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. समजा, वहीत असे एक वाक्य आले: ‘आमचे चोवीस खोल्यांचे लॉज होते आहे, पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे, पांढरे टॉवेल लागतील, धुलाईत टिकतील ना, आणि आधी एखादा बघायला पाठवाल का?’ या एका वाक्यात एका पानाचा संपूर्ण आराखडा आहे. या माणसाचे काम टॉवेल विकत घेणे हे नाही. उद्घाटनाच्या दिवशी खोल्या सजवून तयार ठेवणे आणि पुढे वर्षभर धोब्याच्या हिशेबात तोटा होऊ न देणे, हे त्याचे काम आहे.

त्याला पहिली अडचण पडते ती नगांची. २४ खोल्या आणि खोलीत दोन माणसे, म्हणजे ४८ टॉवेल एका वेळी वापरात. हॉटेल व्यवसायात साधारणपणे तीन जोड धरतात: एक खोलीत, एक धुलाईत आणि एक कपाटात. म्हणजे १४४ नग, बरोबर बारा डझन. नवीन लॉजवाल्याला हा हिशेब पुष्कळदा माहीत नसतो, तुम्हाला मात्र तो तोंडपाठ असतो; मग तो पानाच्या सुरुवातीलाच का असू नये?

दुसरी अडचण जाडीची. तुमच्या वेबसाइटवर ‘४०० जीएसएम, ५०० जीएसएम’ असे आकडे दिले आहेत, ते व्यापाऱ्याला कळतात, लॉजवाल्याला कळतीलच असे नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ३० बाय ६० इंची टॉवेलचे क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर भरते, म्हणून ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४६५ ग्रॅमचा आणि ५०० जीएसएमचा साधारण ५८० ग्रॅमचा होतो. जड टॉवेल पाणी अधिक शोषतो, पण वाळायला वेळ घेतो आणि धुलाईचा खर्चही वाढवतो. ज्याच्याकडे कपडे वाळवायला फक्त गच्ची आहे आणि पावसाळा तोंडावर आहे, त्याने कोणता घ्यावा हे तुम्ही फोनवर त्याला दोन वाक्यांत सांगता. तीच दोन वाक्ये पानावर लिहा. तुमच्या मालाचे प्रत्यक्ष वजन करून आकडे द्या, केवळ गणिताने काढून नव्हे.

त्यानंतरच नमुना कसा मागवायचा, त्याचे पैसे पडतात का, ऑर्डर दिल्यापासून माल किती दिवसांत निघतो, ट्रान्सपोर्टचे भाडे कोणाकडे आणि जीएसटीचे बिल कसे मिळते, या गोष्टी येतात. त्याच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने उठतात त्याच क्रमाने त्या मांडा.

आता वहीचे पुढचे पान उलटा. तेथे लग्नघरातला माणूस भेटेल. मानपानाला टॉवेल-टोपी द्यायची आहे, दोनशे नग लागतील, तिथी ठरलेली आहे. त्याला जीएसएमशी काही कर्तव्य नाही. भाव, रंग, घडी घालून पिशवीत मिळतात का, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी हातात पडतील का, एवढेच त्याला हवे आहे. तिसरा परगावचा दुकानदार. त्याला ठोक भाव, एका गठ्ठ्यात किती डझन आणि उधारीची बोली हवी. टॉवेल तोच, कारखाना तोच, पण कामे तीन आहेत, म्हणून पानेही तीन हवीत. ‘उत्पादने’ नावाच्या एकाच पानावर या तिघांना उभे केले तर तिघेही फोनच करणार.

या पद्धतीचे एक मोठे उदाहरण ब्रिटनच्या सरकारचे आहे. त्यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये नागरिकांसाठी आणि उद्योगांसाठी असलेल्या आपल्या दोन जुन्या वेबसाइटच्या जागी ‘गव्ह डॉट यूके’ ही एकच वेबसाइट आणली. कोणतेही पान लिहिण्यापूर्वी गरज तीन भागांत मांडायची, अशी शिस्त त्यांनी लावून घेतली: मी अमुक आहे, मला अमुक करायचे आहे, म्हणजे माझे अमुक साधेल. सार्वजनिक सुट्ट्यांच्या त्यांच्या पानावर पुढची सुट्टी कोणत्या तारखेला आहे हे वरच मोठ्या अक्षरांत दिलेले असते, कारण बहुतेकांना तेवढेच पाहायचे असते. सुट्ट्यांचा कायदा कधी झाला हे सांगणारे पानही करता आले असते, पण त्यासाठी कोणी आलेले नसते.

तुम्हीही प्रत्येक पानापूर्वी हे वाक्य मराठीत लिहून पाहा. ‘मी नवीन लॉज काढतो आहे, मला किती आणि कोणते टॉवेल घ्यावेत हे ठरवायचे आहे, म्हणजे उद्घाटनापूर्वी माल हातात येईल.’ ‘आमचे ध्येय’ या पानासाठी असे वाक्य तयार होत नसेल तर ते पान खुशाल काढा. ‘यंत्रसामग्री’ मात्र ठेवा: मोठी ऑर्डर देणारा माणूस तुमच्याकडे महिन्याला किती माल निघतो हे पाहूनच पुढे बोलतो, त्याच्यासाठी मागांच्या फोटोंखाली तो आकडा लिहा. दर आठवड्याच्या लेखाची तुम्हाला गरज नाही. वहीत एखादा प्रश्न तिसऱ्यांदा आला, की त्या दिवशी त्याचे उत्तर लिहावे. मग ते आठवड्यात एक होवो की तीन महिन्यांत.

प्रश्न : साखर पेठेत आमचे चादरींचे दुकान आहे. आजोबा तेलंगणातून आले आणि हातमागावर विणू लागले. वेबसाइटच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि घराण्याचा इतिहास आहे. भाऊ म्हणतो की हे कोणी वाचत नाही, काढून टाकू आणि चादरी व किमती दाखवू. बाबा दुखावले आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या भावाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे आणि बाबांचे दुखावणे पूर्णपणे समजण्यासारखे आहे. हा इतिहास गिऱ्हाइकाच्या कोणत्या कामी येतो, एवढा एकच प्रश्न तिघांनी मिळून विचारात घ्यावा.

पुण्या-मुंबईहून चादर मागवणाऱ्याच्या मनात एक भीती असते. ‘सोलापुरी चादर’ असे ओरडून विकला जाणारा माल गावोगावच्या रस्त्यांवर असतो, आणि त्यातला किती सोलापुरात विणलेला असतो हे आपल्याला ठाऊक आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच प्रदेशातील मालाला लावण्याचा हक्क, मिळालेले आहे, सोलापुरी टेरी टॉवेललाही मिळालेले आहे. तरी घरबसल्या फोटो पाहणाऱ्याला खरे कोणते हे कसे कळावे? खरी चादर ओळखून घेणे हे त्याचे काम आहे. तुमच्या आजोबांचा इतिहास या कामाला पुरावा म्हणून उपयोगी पडतो, आणि ही साक्ष नकली माल विकणाऱ्याकडे असूच शकत नाही.

पण त्यासाठी तो आज लिहिला आहे तसा चालणार नाही. तुम्ही पाठवलेल्या मजकुरातील पहिले वाक्य आहे: ‘तीन पिढ्यांचा समृद्ध वारसा जपत आम्ही दर्जा आणि विश्वासाची परंपरा पुढे नेत आहोत.’ हे वाक्य कोणत्याही दुकानाच्या पाटीखाली बसते, नकली मालवाल्याच्याही. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘आमच्या आजोबांनी साखर पेठेत हातमागावर विणायला सुरुवात केली. आज आमच्या चादरी सोलापुरातच जॅकार्ड मागावर विणल्या जातात. ही चादर पूर्ण सुती आहे, ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब आहे.’ पुढे वजन लिहा. कोणता माग, कोणते सूत, कोण विणते, हे जसे असेल तसेच लिहा. एक शब्दही वाढवू नका. फोटो चादरीच्या दोन्ही बाजूंचे द्या, काठाचा आणि कोपऱ्यावरील लेबलाचा अगदी जवळून द्या. फोटोत चादर खाटेवर अंथरून दाखवा, म्हणजे ती एकाला पुरते की दोघांना हे विचारावे लागणार नाही. पहिली धुलाई वेगळी आणि थंड पाण्यात करावी, हेही किमतीच्या जवळच असू द्या, कारण गडद रंगाची चादर इतर कपड्यांसोबत टाकून पस्तावलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

म्हणजे पहिले पान भावाच्या म्हणण्याप्रमाणे चादरींचे होईल, आणि ‘खरी सोलापुरी चादर कशी ओळखावी’ या स्वतंत्र पानावर आजोबांचा फोटो सन्मानाने जाईल. ते पान बाबांकडून सांगून घ्या. त्यांनी बोलावे, तुम्ही उतरवून घ्यावे. सूत कोठून यायचे, रंग कसा चढवत, पहिली चादर कोणी घेतली, हे त्यांच्या तोंडून येईल ते कोणत्याही जाहिरात लिहिणाऱ्याला सुचणार नाही.

प्रश्न : रेल्वे स्टेशनजवळ आमचे लॉज आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणारे भाविक आमच्याकडे उतरतात. वेबसाइटवर आम्ही सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, नान्नजचे माळढोक अभयारण्य यांवर मोठे लेख लिहिले. वाचक भरपूर येतात, पण खोलीसाठी विचारणा होत नाही.
— एक लॉजचालक, सोलापूर

उत्तर : लेख चांगले आहेत, मी ते वाचले. पण किल्ल्याविषयी वाचणारा बहुधा शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा आवड म्हणून वाचत असतो. त्याला आज रात्री खोली नको आहे. ज्याला खोली हवी आहे त्याच्यासाठी तुमच्या वेबसाइटवर दरपत्रक आणि चार फोटो एवढेच आहे.

त्या माणसाला डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापूरला पोहोचते. घरातली सात माणसे उतरली आहेत, त्यांत गुडघे दुखणारी आजी आहे, एक तान्हे मूल आहे. अंघोळी उरकून दर्शनाला निघायचे आहे. त्यांचा पहिला प्रश्न आहे की सकाळी सात वाजता खोली मिळते का, आणि मिळाली तर ती दुपारी बाराला सोडावी लागते की चोवीस तास धरले जातात. तुमच्याकडे चोवीस तास धरतात हे पत्रातील एका ओळीवरून मला कळले, वेबसाइटवर ते कोठेच नाही. दुसरा प्रश्न गरम पाण्याचा: किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. तिसरा लिफ्टचा, लिफ्ट नसेल तर तसे स्पष्ट लिहा आणि तळमजल्यावरील खोल्या वृद्धांसाठी राखता का ते सांगा. मग गाडी उभी करायला जागा, चालकाची झोपायची सोय, कोणाकोणाचे ओळखपत्र लागते. हे सारे एका पानावर, दराच्या शेजारी असावे.

त्याच पानावर पुढच्या प्रवासाचे सांगा. येथून अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर आहे, तुळजापूर सुमारे ४५, आणि पंढरपूर सत्तरच्या पुढे. एका दिवसात कोणती दोन ठिकाणे सावकाश होतात आणि तिन्ही करायची तर मुक्काम कसा ठेवावा, हे तुमच्या काउंटरवरचा माणूस रोज सांगतो. ते त्याच्याच शब्दांत पानावर आणा. लेखांपेक्षा हे पान भाविकाच्या अधिक उपयोगाचे होईल, आणि लेखांच्या शेवटी त्याची वाट दाखवली तर लेखांचे श्रमही वाया जाणार नाहीत.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, आषाढी असते, तुळजापूरचे नवरात्र असते, आणि कोजागरीच्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ता फुलून जातो. त्या दिवसांत वाहनांची वाट बदलते हे परगावच्या माणसाला माहीत नसते. या दिवसांपूर्वी खोल्या किती शिल्लक आहेत आणि गाडी कोणत्या मार्गाने न्यावी, याची चार ओळींची सूचना पानाच्या वर लावा आणि गर्दी ओसरली की काढून घ्या. जुनी सूचना तशीच राहिली तर पानावरच्या दरांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्याकडे येतात हे गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सोयीत दिसते. तीत मागील सोळा महिन्यांची माहिती मिळते, म्हणजे एका नवरात्रापासून दुसऱ्या नवरात्रापर्यंतची तुलना करता येते. कोणत्या शब्दांवर तुमचे पान लोकांना दिसले पण त्यांनी ते उघडले नाही, ती ओळ आधी पाहा. काम हवे असलेला माणूस तेथूनच परत गेलेला असतो.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाची शेंगा चटणी आणि कडक भाकरी आम्ही वेबसाइटवरून विकू लागलो आहोत. मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी अशा चारही भाषांत हवा का? आणि माल परत घेण्याच्या अटी लिहिल्या तर गिऱ्हाईक बिचकेल असे काही जणींना वाटते.
— एका गटाच्या अध्यक्षा, बार्शी तालुका

उत्तर : भाषांचे उत्तर तुमच्या पार्सलांच्या पत्त्यांत आहे. गेल्या काही महिन्यांचे पत्ते काढा आणि माल कोठे जातो ते पाहा. दुसरी भाषा घ्यायची ठरली तर ऑर्डर देण्याचे पान पैसे भरण्यापर्यंत संपूर्ण त्या भाषेत करा; स्वागताची दोन वाक्ये कन्नडमध्ये आणि पुढचे सगळे मराठीत, असे झाले तर वाचणारा मधेच अडतो. तोवर मराठी मजकूर नीट करा. मुलाला होस्टेलवर डबा पाठवणारी आई विचारते की चटणी किती दिवस टिकते, तिखट किती आहे, भाकरीचे तुकडे होऊन पोहोचतात का. तुमच्या पानावर फक्त ‘अस्सल सोलापुरी चव’ आहे.

परत घेण्याच्या अटी लिहिणे हा ऐच्छिक भाग नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे परतावा, माल बदलून देणे, पोहोचवणे आणि पैसे भरण्याच्या पद्धती यांची माहिती द्यावी लागते, तक्रार पाहणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा लागतो. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही पानावर ठेवा. आणि ‘बरणी फुटून आली तर फोटो पाठवा, आम्ही दुसरी पाठवू’ हे वाक्य वाचून कोणी बिचकत नाही. उलट पहिल्यांदा मागवणारी बाई त्यावरच हात सैल करते.

प्रश्न : तुमच्या मागील अंकातील सल्ल्याप्रमाणे आम्ही शाळेच्या गणवेशाच्या व्यवसायाची पाने मुख्याध्यापकांच्या कामांप्रमाणे नव्याने लिहिली. ती जमली की नाही हे कसे ओळखायचे? भेट देणाऱ्यांचा आकडा तर आधीपेक्षा कमी झाला आहे.
— एक उत्पादक, सोलापूर

उत्तर : तुमच्या बाबतीत तो आकडा फारसा सांगणारा नाही; भलत्या कामासाठी येणारे कमी झाले असतील तर तो खाली येणारच. फोन ऐका. पूर्वी ‘तुमच्याकडे पिनाफोर (मुलींचा बिनबाह्यांचा गणवेश) मिळतो का’ असे विचारणारे आता ‘३२ आणि ३४ मापांचे कापड एकाच ताग्यातले असेल का’ असे विचारू लागले असतील, तर आधीचे प्रश्न पानानेच सोडवले आहेत.

याशिवाय एक दुपार यासाठी द्या. तुमच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना, शक्य असेल तर शाळेत काम करणाऱ्यांना, एकेक करून बोलवा. त्यांच्याच मोबाइलवर वेबसाइट उघडून द्या आणि एक काम सांगा: ‘तुमच्या शाळेत चारशे मुले आहेत, जूनमध्ये शाळा उघडते, शेवटची ऑर्डर कधीपर्यंत द्यावी लागेल ते शोधा.’ मग शेजारी बसा आणि काहीही बोलू नका. त्यांचे बोट कोठे थांबते, ते कोणता शब्द दोनदा वाचतात आणि कोणत्या ठिकाणी मान वर करून तुमच्याकडे पाहतात, ते लिहून घ्या. त्या क्षणी मदत करण्याचा मोह फार होतो, पण मुख्याध्यापक रात्री घरी वेबसाइट पाहत असतील तेव्हा तुम्ही शेजारी नसता. दोघे जण एकाच ठिकाणी अडले तर तिसऱ्याला बोलावण्यापूर्वी ते वाक्य बदला, आणि उरलेल्यांना बदललेले पान दाखवा.